झगा तिचाच होता

माणूस भेटला की आपण त्याचं तोंड बघतो. आमचे गुरुजी शिवण बघायचे. सदऱ्याची कॉलर, पिशवीचा बंद, छत्रीचा दांडा, बादलीची कडी. जिथे म्हणून दोन वस्तू एकमेकींना जोडलेल्या असतील तिथे त्यांचा हात गेलाच म्हणून समजा. नुसता हात जाऊन थांबला असता तर ठीक होतं. ते ओढून बघायचे. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, मी नमस्कार केला, आणि या गृहस्थांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद धरून असा हिसका दिला की बंद त्यांच्या हातात आणि माझा डबा जमिनीवर. भाजी सांडली.

"पाहा," ते म्हणाले, "रस्त्यात तुटला असता."

मी म्हटलं, "रस्त्यात नसता तुटला. तुम्ही भेटेपर्यंत तो चांगला होता."

त्यावर त्यांनी टोपीत खोचलेली सुई काढली, सदऱ्याच्या बटणाला गुंडाळलेला दोरा सोडवला आणि उभ्या उभ्या बंद शिवून दिला. पुढे त्या पिशवीचं सगळं फाटलं, पण तो बंद काही तुटला नाही. पण माझा राग बरेच दिवस टिकला, कारण भाजी भरल्या वांग्यांची होती.

आमची शाळा तुमसर तालुक्यात, रस्त्यालगतच्या एका गावात. पाचवी ते दहावी. सत्तर-पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी विज्ञान शिकवायचे, गुरुजी हस्तकला. हायस्कुलात आम्ही सगळे 'सर' आणि 'मॅडम', हे एकटेच 'गुरुजी', कारण सर म्हटलं की ते मागे वळून बघायचे, दुसरं कोणी आलंय का म्हणून. मलाही ते मॅडम कधी म्हणाले नाहीत, बाईच म्हणाले. उंचेपुरे, भरघोस मिशांचे, नांगराच्या रुमण्यावर शोभतील असे हात, आणि त्या हातांत दिवसभर बाहुल्या. दोरीच्या नव्हेत, हातमोज्यासारख्या घालून नाचवायच्या. पहिलं बोट बाहुलीच्या मानेत, अंगठा आणि मधलं बोट दोन बाह्यांत. कागदाच्या लगद्याची डोकी ते शाळेच्या गच्चीवर वाळत घालायचे. तपासणीला आलेले एक साहेब गच्चीवर गेले आणि लगेच खाली उतरले, ते पुन्हा काही वर गेले नाहीत.

ही डोकी न्यायला त्यांच्याकडे दुधाची एक जुनी कॅन होती, दबू नयेत म्हणून. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "गुरुजी, कॅनमंधी काय आहे?" तर हे सरळ म्हणाले, "मुंडके आहेत." शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली. मी बाजूलाच होते, पण त्या दिवशी मी त्यांना ओळख दाखवली नाही.

बाहुल्यांचं काम असं होतं. आजूबाजूच्या खेड्यांत शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली की मुलगे आमच्याकडे यायचे आणि पोरी घरी बसायच्या. गुरुजींना हे सहन होत नव्हतं. एप्रिल लागला की ते खेड्याखेड्यांत जायचे, चावडीपुढे नाहीतर कुणाच्या अंगणात बाज आडवी उभी करायचे, तिच्यावर चादर टाकायचे, आणि चादरीच्या वर एक बाहुली दप्तर घेऊन पाचवीत जायला निघायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "गुरुजी, हे करायला तुम्हाला कोणी सांगितलंय?"

"कोनीच नाही," गुरुजी म्हणायचे. "म्हनूनच तर जाऊन राहिलो."

त्यात त्यांचा एक हट्ट होता. ज्या गावी खेळ, त्या गावच्याच चौथीतल्या एखाद्या मुलीच्या आईकडून तिचा आखूड झालेला झगा मागून आणायचा आणि त्यातून बाहुलीचं अंग बेतायचं. मी एकदा म्हटलं, इतकी यातायात कशाला, तुमसरला चिटाचं कापड ढिगानं मिळतं. तर म्हणाले, "दुकानातलं कापड घातलं तर ते पाव्हनी वाटते. आपल्या गावची पोरगी शाळेत जाऊन राहिली, असं वाटलं पाहिजे." बाया खरंच बाहुलीकडे बघून हसायच्या, कुणाचा झगा आहे ते एकमेकींना सांगायच्या, आणि ज्या मुलीचा झगा असेल तिच्याकडे सगळं गाव बघायचं. ती मुलगी बहुतेक वेळा जूनमध्ये शाळेत यायची. मला कबूल करावं लागतं की युक्ती चांगली होती. आंबागडला तीच अंगाशी आली.

आंबागडला त्या वर्षी झगा होता शेवंतीचा. ढिवराची पोर. बाप तलावावर जाळं टाकायचा, आई भात कांडायला जायची, आणि घरात चालायचं ते आजीचं. गाव तिला बुढी म्हणायचं, पण ताठ बाई होती. शेवंती चौथीत पहिली आलेली. निळा झगा, पांढरी फुलं, आईनं खुशीनं दिला.

डोकं आणि अंग गुरुजी तेव्हा लाखेनं चिकटवायचे. आमच्याकडच्या जंगलात पळसावर लाख होते, आणि विळ्याची मूठ लाखेनंच बसवतात. गुरुजींचं म्हणणं, जी लाख धान कापताना विळा सुटू देत नाही ती बाहुलीचं मुंडकं सुटू देईल का? विळा कोणी गॅसबत्तीजवळ धरून ठेवत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर उष्णतेचा धडा दरवर्षी शिकवत होते.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. मीही बरोबर गेले होते, पुढे बायांमध्ये बसले होते. बत्ती बाजेच्या कोपऱ्याला, बाहुलीच्या कानाशी टांगलेली. बाहुली गुरुजींच्या दुसऱ्या हातावरच्या आजीच्या बाहुलीला म्हणाली, "आजी, मी शाळेत जाऊ?" आणि नमस्काराला वाकली. वाकली आणि तिचं डोकं सुटलं. चादरीवरून घरंगळलं आणि पुढे बसलेल्या पोरांमध्ये जाऊन पडलं. वर राहिला निळा झगा आणि झग्याच्या गळ्यातून निघालेलं गुरुजींचं बोट. गुरुजी चादरीआड, त्यांना कळलंच नाही. पोरीच्या आवाजात ते म्हणतच होते, "मी शिकून येते, तू भिऊ नको."

पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत. शेवंतीची आजी उठली, नातीचा हात धरला आणि चालू लागली. पाठोपाठ सगळं अंगण रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. बुढीनं बसायला पाट दिला, पाणी दिलं. मग म्हणाली, "गुरुजी, तुमच्यावर माहा राग नाही. तुमी चांगले मानूस आहा. पन झगा तिचाच होता. साऱ्या गावानं पाह्यलं. आता मी तिले त्या जंगलाच्या रस्त्यानं कशी पाठवू?"

मी पुढे सरसावले. लाख तापली की मऊ होते, बत्ती जवळ होती, यात अपशकुनाचा काही संबंध नाही, असं माझं व्याख्यान सुरू झालं. शेवंती दाराआडून ऐकत होती.

"बाई," गुरुजी म्हणाले, "चूप राहा."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर भडकलेच. म्हटलं, "तुम्हीच असं वागलात तर या लोकांना शहाणं कोण करणार?"

"बुढी खोटं काय बोलली?" ते म्हणाले. "झगा पोरीचा नव्हता? मुंडकं पडलं नाही?"

"पडलं. पण त्याचा अर्थ..."

"अर्थ मंग पाहू. आंधी मुंडकं लावू."

एवढं बोलून ते चालायला लागले. नंतरचा सगळा मे महिना त्यांनी यात घालवला. मी सुटीत माहेरी जाणार होते, पण दाराआडच्या त्या पोरीचं तोंड काही डोळ्यांपुढून हलेना, म्हणून राहिले. नवी बाहुली करा, असं मी सुचवून पाहिलं. "नवी कायले?" ते म्हणाले. "बुढी म्हनल, हे दुसरी आहे. अन बरोबरच म्हनल." डोकं तेच हवं, झगा तोच हवा. पडल्यामुळे नाकाचा टवका उडाला होता, तोही त्यांनी भरला नाही. बुढीला ओळख पटायला पाहिजे.

त्यांनी सरस लावून पाहिला, डिंक पाहिला, खळ पाहिली. खळ रात्रीतून उंदरांनी खाल्ली. प्रत्येक वेळी डोकं मी धरायचं आणि झगा त्यांनी ओढायचा. डोकं माझ्या हातात राहायचं आणि मी मागे पडायचे. एकदा तर सरळ बादलीत बसले. शाळेचा शिपाई लांबून बघायचा आणि गावात जाऊन काय सांगायचा देव जाणे.

शेवटी त्यांनी चिकटवणं सोडून दिलं. मानेच्या खालच्या टोकाला लगद्याचा जाड काठ काढला, बांगडीसारखा उभार. झगा उलटा केला. उलटा झगा बाहुलीच्या डोक्यावरून असा ओढला की तोंड आत झाकलं आणि झग्याचा गळा बरोबर मानेवर आला. पोर घाईघाईत झगा काढताना डोक्यात अडकून बसते ना, अगदी तशी दिसत होती. मग काठाच्या वरच्या खाचेत गळ्यावरून मेण लावलेला दोरा आवळून आवळून गुंडाळला, गाठ मारली, आणि झगा खाली सुलटा ओढून घेतला. आतून तोंड बाहेर आलं, गाठ आत गेली. आता झगा जितका ओढावा तितका दोरा काठावर जाऊन अडायचा.

पण झगा जुना होता. दोरा सुटला नाही तर कापड विरायला लागलं. गळ्याला आतून मजबूत पट्टी हवी होती. गुरुजी घरी गेले, पेटी उघडली आणि लग्नातलं कोशाच्या रेशमाचं उपरणं कापलं. त्यांच्या बायकोनं हे मला स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हटलं, अजी, लग्नातलं होतं ना ते. तर म्हनते, मंग? लग्न तर पक्कं आहे ना?" हे सांगताना ती हसत होती, म्हणून मीही हसले.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही आंबागडला गेलो. भर सकाळी, बुढीच्या अंगणात. गुरुजींनी बाहुली तिच्यापुढे धरली. तिनं टवका उडालेलं नाक बघितलं, झग्याची फुलं बघितली.

"तेच आहे," गुरुजी म्हणाले. "ओढा."

"मी कायले ओढू?"

"तुमचा भरोसा तुमच्याच हातानं होईल. माह्या हातानं कसा होईल?"

माणसं जमली. बुढीनं पदर खोचला. एका हातात मुंडकं, एका हातात झगा. जन्मभर चिखलातून परे, म्हणजे धानाची रोपं, उपटलेले हात होते ते. तिनं हातचं राखलं नाही. चर्रकन आवाज आला. झगा खांद्यापासून काखेपर्यंत फाटला होता. मुंडकं जिथल्या तिथे होतं.

बुढीनं ते उलटंसुलटं करून बघितलं. मग घरात गेली, जाळं विणायचा दोरा आणला आणि तिथेच बसून खांदा शिवायला घेतला. शिवता शिवता म्हणाली, "झगा फाटला तं शिवता येते. जाऊ द्या पोरीले पाचवीत. पन पुढच्या साली मी आणखी ओढीन."

ती नुसतं बोलायचं म्हणून बोलत नव्हती. सहावीच्या आधी तिनं ओढलं, सातवीच्या आधी ओढलं. जून आला की गुरुजी जुना दोरा काढायचे, नवा बांधायचे, कारण पावसाळ्यात दोरा कुजतो असं त्यांचं मत, आणि मग आम्ही आंबागडची वाट धरायचो. बुढी दरवर्षी काही ना काही फाडायची आणि जाळ्याच्या दोऱ्यानं शिवायची. शेवटी शेवटी त्यात झगा कमी आणि दोरा जास्त होता. शेवंती मात्र शाळेत येत राहिली, विज्ञानात माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटत राहिली. पण आंबागडहून आमच्याकडे येणारी मुलगी ती एकटीच. त्या संध्याकाळनंतर गावातल्या कुठल्याही आईनं गुरुजींना झगा दिला नाही. ते दर एप्रिलला दारोदार विचारायचे, बाया 'फाटला' म्हणायच्या, 'चिंध्या केल्या' म्हणायच्या, आणि ते बरं म्हणून पुढच्या दारी जायचे. मी म्हणायचे, सोडा आता आंबागड. ते माझ्याकडे असे बघायचे की मी विषय बदलायचे.

शेवंती दहावी पास झाली. भंडाऱ्याला नर्सचं शिकायला जायचं ठरलं. आई तयार, बाप तयार. बुढी म्हणाली, बाहुली आणा.

आणि नेमकं त्या वर्षी गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुईचं भोक सोडा, त्यांना सुई दिसत नव्हती. बाहुली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तुमी बांधा."

मी म्हटलं, "गुरुजी, मला साधं बटण लावता येत नाही."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "बांधा."

मी बांधलं. त्यांनी अंगठ्यानं चाचपलं, म्हणाले, "ढिली आहे," आणि उसवायला लावलं. पुन्हा बांधलं, पुन्हा उसवलं. माझी बोटं दोऱ्यानं कापली. मी चिडून म्हटलं, इतक्या वर्षांनी बुढी आता नाही म्हणणार आहे का, पोरगी तर निघालीच आहे. गुरुजी म्हणाले, "बुढीनं नाही म्हटलं तर पोरगी जाईल का? तुमी ओळखता ना तिले." ओळखत होते. शेवंती आजीचा शब्द मोडून बसमध्ये बसली नसती. मी दात खाऊन आवळलं. या वेळी त्यांनी अंगठा फिरवला आणि बाहुली माझ्या हातात परत दिली. चांगलं झालंय असं काही म्हणाले नाहीत. आंबागडपर्यंत बसमध्ये मी ती बाहुली मांडीवर घेऊन बसले आणि सारखी तिची मान चाचपत होते.

बुढी अंगणात बाजेवर पडून होती. वाळली होती. शेवंतीनं तिला उठवून बसवलं. अंगण माणसांनी भरलं होतं. दरवर्षीची ही ओढाओढ बघायला गाव जमायचं. मी बाहुली तिच्या हातात दिली. तिनं मुंडकं धरलं, झगा धरला, आणि तिची बोटं नुसती थरथरली. पुन्हा धरलं. मग सोडून दिलं.

कोणीतरी म्हणालं, "झालं ना बुढे. नाही निघालं."

"निघालं नाही, का मी ओढलंच नाही?" बुढी म्हणाली. "असं कोनी समजून घेते का?"

गुरुजी मध्ये पडले नाहीत. बुढीनं बाहुली नातीपुढे धरली. "तू ओढ. झगा तुहाच आहे."

शेवंतीनं बाहुली घेतली. तिनं अलगद ओढल्यासारखं केलं. मीही तेच केलं असतं.

"काहून लाजतं?" बुढीचा आवाज अंगणभर ऐकू गेला. "माह्यासारखं ओढ. हळू ओढशील तं मी जाऊ नाही देनार."

शेवंतीनं आजीकडे बघितलं, मग गुरुजींकडे. गुरुजींना ती दिसत नसावी, पण त्यांनी मान हलवली. तिनं झगा पायाखाली दाबला, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. बुढीच्या आतापर्यंतच्या सगळ्या शिवणी एकापाठोपाठ एक उसवत गेल्या. बाही गेली, पाठ गेली, निळ्या चिंध्या पायाखाली राहिल्या. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा शेवंतीच्या हातात बाहुलीचं डोकं होतं, आणि डोक्याला खालून घट्ट धरून, कोशाच्या पट्टीसकट, झग्याचा गळा होता.

बुढीनं तो हातात घेतला आणि गळ्यावरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत राहिली.

"जाय," ती म्हणाली.

शेवंती रडली, तिची आई रडली, आणि लपवायचं कशाला, मी त्या दोघींपेक्षा जास्त रडले. गुरुजींनी चिंध्या गोळा केल्या, डोकं कॅनमध्ये ठेवलं, आणि आम्ही बसथांब्यावर आलो.

तिथे त्यांनी कॅन उघडून पुन्हा एकदा मान चाचपली. "गाठ डाव्या कानाकडे सरकली आहे, बाई. पुढच्या साली मधोमध घेजा."

माझे डोळे अजून कोरडे झाले नव्हते. मी म्हटलं, "पुढच्या साली कोण ओढणार गुरुजी? पोरगी चालली की."

त्यांनी सदऱ्याच्या आत हात घातला आणि एक घडी बाहेर काढली. लहानसा पिवळा झगा, खिशावर बदक शिवलेलं. अंगणातून निघताना गर्दीतल्या एका बाईनं त्यांच्या हातात तो कोंबला होता, मला दिसलंही नव्हतं.

"चौथीत आहे तिची पोरगी," गुरुजी म्हणाले.

मी झगा घेतला. गळ्याची शिवण दोन्ही हातांत धरून ओढून बघितली. सुटून राहिली होती. बस यायला वेळ होता. मी त्यांच्या टोपीतली सुई काढून घेतली.